वाढत्या अंगाची पॅन्ट

जयवंत पेडणेकरांनी देवाकडे एकच गिऱ्हाईक मागितलं होतं. देवाने सहा फूट चार इंचांचं पाठवलं, आणि तेही दुसऱ्याच देवाच्या नोकरीतलं. आता तक्रार तरी कुणाकडे करायची?

गिऱ्हाईक हवं होतं, कारण घरात वॉशिंग मशीन येणार होतं. डिलाईल रोडच्या चाळीत ज्यांनी संसार केलाय त्यांना हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. एकशे साठ फुटांच्या खोलीत एक वस्तू आत आली की दुसरी बाहेर जाते. खिडकीखाली जयवंतरावांचं शिलाईचं पायमशीन होतं. मोरी तिथून दोन हातांवर, विजेचं बटण बरोब्बर वर. सून मेघना एका रविवारी त्या कोपऱ्याची लांबी-रुंदी मोजायला बसली आणि त्यासाठी तिने सासऱ्यांचीच टेप घेतली. जयवंतरावांना सगळ्यात जास्त लागलं ते हे.

"बाबा, तीन वर्षं झाली," मेघना म्हणाली. "त्या मशीनवर आपण फक्त इस्त्रीचे कपडे ठेवतो."

मेघना वाईट नव्हती हो! दिवसभर दादरला विम्याच्या ऑफिसात मान मोडून काम करायचं आणि घरी येऊन चार माणसांचे कपडे घासायचे, कोण किती दिवस करील? नवरा मयूर दोघांच्या मध्ये बसून मोबाइलमध्ये तोंड घालायचा. शेवटी तिने सौदा केला. "सव्वीस जानेवारीला डिलिव्हरी आहे. तोवर एक गिऱ्हाईक दाखवा. पैसे देणारं, खरंखुरं. दाखवलंत तर वॉशिंग मशीन परत पाठवते. नाही तर तुमचं मशीन मालवणला काकांकडे."

"एक? अगं, दहा आणतो!" जयवंतराव गरजले. दार उघडं होतं. गॅलरीतल्या अकराही बिऱ्हाडांनी ते ऐकलं, त्यामुळे माघार घ्यायची सोय उरली नाही.

जयवंतरावांनी गिरगावात एका नामांकित जेन्ट्स टेलरकडे छत्तीस वर्षं पॅन्टी कापल्या होत्या. शर्ट नव्हे, पॅन्टी. शर्ट कुणीही कापतो, असं त्यांचं मत होतं आणि ते शर्ट कापणाऱ्यांना तोंडावर सांगायचे. आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात आणि माणसं तयार पॅन्टी घालतात, ज्यांच्याकडे बघून जयवंतरावांना रस्त्यात डोळे मिटून घ्यावेसे वाटतात.

दहा दिवस झाले तरी दहा सोडा, अर्धं गिऱ्हाईक फिरकलं नाही. आणि मग तळमजल्यावरचा एल्डर फाटला. म्हणजे त्याची पॅन्ट.

तळमजल्यावर कुशाबांच्या डबल रूममध्ये नोव्हेंबरपासून दोन पोरं भाड्याने राहत होती. कुशाबा म्हणजे चाळ कमिटीचे अध्यक्ष, वय एकाहत्तर, आवाज लाउडस्पीकरशिवायही लाउडस्पीकरचा. भाडेकरूंच्या रजिस्टरात नावं लिहिताना त्यांची पहिलीच पंचाईत झाली होती.

"तुझं नाव?"

"एल्डर ह्यूज."

"आणि तुझं?"

"एल्डर बंडारू."

"दोघंही एल्डर? सख्खे भाऊ काय रे?" एक अमेरिकेतल्या आयडाहो नावाच्या बटाट्याच्या मुलखातला, गोरापान, दारातून वाकून आत येणारा. दुसरा राजमहेंद्रीचा, काळासावळा, पाच फूट चार इंच. बंडारूने हिंदीत समजावलं की एल्डर हे नाव नाही, पदवी आहे, अर्थ वडीलधारा. कुशाबांनी वय विचारलं. दोघंही एकोणीस. कुशाबांनी पेन खाली ठेवलं आणि पाणी मागवलं.

पोरं मॉर्मन पंथाची होती. त्यांचं चर्च तरण्या पोरांना दोन वर्षं घरापासून लांब सेवेला आणि धर्मप्रसाराला धाडतं. कायम जोडीने फिरायचं, एकमेकांना नजरेआड होऊ द्यायचं नाही. चहा नाही, कॉफी नाही. चहा घेत नाहीत हे कळल्यावर चाळ खरोखर हळहळली. धर्माबद्दल कुणी आपणहून विचारल्याशिवाय बोलायचं नाही असा त्यांनी नेम केला होता, आणि आमच्या चाळीत विचारायची पद्धत नाही, सांगायची आहे. त्यामुळे तीन महिन्यांत त्यांना गणपतीची सत्तावीस नावं, कोलंबी साफ करायची रीत आणि कमिटीतल्या रामूच्या मुळव्याधीचा सगळा इतिहास कळला होता. त्यांच्याबद्दल मात्र चाळीला एवढंच ठाऊक होतं की पोरं झकास कपडे घालतात. पांढराशुभ्र शर्ट, टाय, गडद पॅन्ट, चकचकीत बूट आणि खिशावर नावाची काळी पट्टी.

तर त्या दिवशी कुशाबांचं लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढत होतं. एल्डर ह्यूज मदतीला गेला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो खाली वाकला आणि चर्रर्र असा आवाज झाला. कपाट तिथेच राहिलं. ह्यूज भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखा आडवा आडवा निघाला आणि बंडारू त्याच्या मागची बाजू झाकत त्याला चिकटून. हा जथा जयवंतरावांच्या दारासमोरून चालला होता. जयवंतरावांनी एकच नजर टाकली.

"सीटला एकेरी टीप! तरीच," ते म्हणाले. "पोरा, बदलून ये आणि ती इकडे आण."

ह्यूज पायजमा घालून आला, बरोबर बंडारूही आलाच. जयवंतरावांनी पॅन्ट उलटी करून आतलं लेबल वाचलं, नाक मुरडलं, दुहेरी टीप मारली. मशीनचा आवाज ऐकून शेजारणी दारात जमल्या. ह्यूजने पैसे पुढे केले तेव्हा जयवंतरावांनी विजयी मुद्रेने मेघनाकडे पाहिलं.

"हे रफू झालं, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "गिऱ्हाईक म्हणजे माप घेऊन शिवलेला कपडा."

खरी गंमत पुढेच आहे. बंडारूने बोलता बोलता सांगितलं की त्यांच्या कपड्यांना नियम आहेत, आणि सव्वीस जानेवारीला बंगळुरूहून चर्चचे मोठे साहेब खोली आणि टापटीप बघायला येणार आहेत. ह्यूजकडे धड अशी एकच पॅन्ट, तीही आता ठिगळाची, आणि त्याच्या मापाची तयार पॅन्ट परळपासून भायखळ्यापर्यंत कुठे मिळेना.

"कसले नियम?" जयवंतरावांनी विचारलं.

पोरांचे डोळे चमकले. तीन महिन्यांत कुणी पहिल्यांदा काही विचारलं होतं! बंडारूने मोबाइल काढला, मेघनाने त्यावरून वाचून मराठीत सांगितलं. पॅन्ट साधी, गडद रंगाची. घट्ट नको, ढगळ नको. शर्ट पांढरा, टाय भडक नको. कपडे असे की बघणाऱ्याचं लक्ष माणसाकडे जावं, कपड्याकडे नव्हे.

जयवंतराव खुर्चीवरून उठले. छत्तीस वर्षं ते कॉलेजच्या पोरांशी ह्याच मुद्द्यावर भांडले होते. "घट्ट नको, ढगळ नको! लिहिलंय? छापून? अहो, हा धर्म कुणी काढला? त्याला शिवण येत असणार!"

"पण काही ठिकाणी टाय ऐच्छिक आहे म्हणे," मेघना पुढे वाचत म्हणाली.

"ही सवलत कुणी घुसडली?" जयवंतरावांना मनापासून राग आला. पोरांनी भीत भीत आपला ग्रंथ पुढे केला. जयवंतरावांनी तो कपाळाला लावला आणि कपड्यांचं कितव्या पानावर आहे ते विचारलं. त्यात कपड्यांचं पान नाही म्हटल्यावर तो फळीवर नीट ठेवून दिला आणि टेप काढली.

"ह्याची पॅन्ट मी शिवणार. मेघना, तुझे साक्षीदार हे दोघे. साहेबांनी पास केली तर गिऱ्हाईक?"

"पास केली तर गिऱ्हाईक," मेघना म्हणाली. तशी ती शब्दाची पक्की.

माप घ्यायला जयवंतराव स्टुलावर चढले. सगळं ठीक चाललं होतं, पण त्यांच्या बायकोने, ललिताबाईंनी, स्वयंपाकाच्या ओट्यावरून तोंड घातलं. "आवशीपासून इतक्या लांब ऱ्हवता तो झील. एकोणीस वर्सांचा प्वार ता. वाढत्या अंगाचा शिवा हो!"

शेजारणींनी माना डोलावल्या. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायचे, हा आमच्याकडचा कायदा आहे. जूनमध्ये शिवलेली शाळेची पॅन्ट जूनमध्ये बसली, तर बापाला पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. पोरगं आधीच सहा फूट चार इंच आहे, आणखी वाढून छताला लागेल, हा विचार कुणाच्याही डोक्यात आला नाही. त्यांच्या डोक्यात एवढंच होतं की पोराची आई इथे नाही. जयवंतरावांनी कमरेला दोन इंच, लांबीला तीन इंच वाढवले आणि काळं कापड कापलं.

पॅन्ट तयार झाली. ह्यूजने घातली. पट्टा आवळल्यावर कमरेभोवती चुण्या पडल्या आणि बुटांवर कापडाचा ढीग बसला. बिचारं सालस पोर. "बहुत अच्छा है, अंकल," तो म्हणाला आणि वर एका हाताने पॅन्ट धरून उभा राहिला.

मेघनाने मोबाइल उघडला. "ढगळ नको," तिने वाचलं.

जयवंतराव त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही फक्त पेज घेतली. छत्तीस वर्षांत एक पॅन्ट परत आली नव्हती, आणि आता आली ती सुनेसमोर. "उसवतो आणि पुन्हा कापतो," ते तिसऱ्या दिवशी म्हणाले. "आणि शर्टही शिवतो. ह्याच्या शर्टाची कॉलर बघवत नाही मला."

शर्टाच्या कापडासाठी ते मंगलदास मार्केटात गेले. तिथल्या एका तरुण दुकानदाराने वर न बघता सांगितलं, "काका, कटपीस बाहेर फुटपाथवर." झालं! छत्तीस वर्षांचा कटर फुटपाथवर? जयवंतरावांची मान ताठ झाली आणि तोंडातून शब्द गेला, "तागा द्या. अख्खा." टॅक्सीतून ते पांढऱ्या कापडाचा चाळीस मीटरचा तागा घेऊन घरी आले. ललिताबाईंनी तागा पाहिला, खोली पाहिली, आणि आता आपण कुठे झोपायचं एवढंच विचारलं.

वाट कुशाबांनी काढली. सव्वीस जानेवारीला चाळीत सकाळी झेंडावंदन आणि मग सार्वजनिक सत्यनारायण, कमिटीचा दरवर्षी एक गणवेश. मागच्या वर्षी भगवे कुर्ते केले होते. घाम आल्यावर त्यांचा रंग उतरला आणि कमिटी शिवरात्रीपर्यंत नारिंगी दिसत होती. "यंदा पांढरे शर्ट! जयवंता, तुझा तागा कमिटी घेते. कापडाचे पैसे देतो, शिलाई मात्र सेवा म्हणून," कुशाबांनी जाहीर केलं. "आणि ही पोरं कशी रुबाबात असतात? तसाच टाय."

टायवर सभा अडीच तास चालली. रामूने मानेला दोरी बांधून घ्यायला आपण काय बैल आहोत का, असा सवाल टाकला. ठराव नऊ विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाला, रामूचा विरोध इतिवृत्तात नोंदला, आणि पोरांच्या नियमांचा कागद जोडपत्र म्हणून डकवला. बांधायची कटकट नको म्हणून शाळेच्या गणवेशाच्या दुकानातून इलॅस्टिकवाले चौदा निळे टाय आणले. शिवाय नावाच्या पट्ट्या. काळ्यावर पांढरी अक्षरं, वर माणसाचं नाव, खाली मंडळाचं. लांबून बघणाऱ्याला पोरांच्या पट्टीत आणि ह्यांच्या पट्टीत काही फरक वाटू नये अशा.

बारा दिवसांत चौदा शर्ट! जयवंतरावांचे पाय मशीनवर आणि डोळे घड्याळावर. ललिताबाई काजं करत होत्या, आणि पोरं सेवा म्हणून रोज दोन तास येऊन बटणं लावत होती. आयडाहोचं ते धूड जमिनीवर मांडी घालून कुशाबांच्या शर्टाला बटण लावताना बघायला वरच्या मजल्यावरून बाया खाली यायच्या.

"बाबा, कमिटीवाले फुकट शिवून घेतायत. ते गिऱ्हाइकात धरायचे नाहीत," मेघनाने आठवण करून दिली.

"मी कुठे धरतोय?" जयवंतराव म्हणाले. पण मनातून ते पार खचले, कारण ह्यूजचा शर्ट तर राहूनच गेला होता आणि त्याची उसवलेली पॅन्ट अजून गाठोड्यातच होती.

सव्वीसच्या पहाटे ते उठले आणि पॅन्ट घेऊन बसले. कुणाचा सल्ला नको म्हणून दार लावून घेतलं. आठ वाजता पॅन्ट तळमजल्यावर गेली. साडेआठला झेंडावंदन. साहेब अकराला येणार होते, म्हणजे निवांत इस्त्री फिरवायलाही वेळ होता.

साहेब आले साडेआठला. सुट्टीमुळे रस्ते मोकळे मिळाले असं त्यांनी नंतर सांगितलं. ते चाळीच्या फाटकातून आत शिरले आणि राष्ट्रगीत सुरू झालं. साठीचे उंच गृहस्थ, पिकलेले केस, ते होते तिथेच ताठ उभे राहिले. आणि समोर त्यांना काय दिसलं? चौदा पुरुष, वय वर्षं पन्नास ते अठ्ठ्याहत्तर. पांढरे शर्ट, निळे टाय, गडद पॅन्टी, खिशावर काळ्या पट्ट्या. आणि रांग छान दिसते म्हणून कुशाबांनी सगळ्यांना पोरांसारखं जोडीजोडीने उभं केलेलं.

राष्ट्रगीत संपलं. साहेबांचे डोळे भरून आले होते. ते रांगेपाशी गेले आणि एकेकाचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवू लागले. कुशाबांना वाटलं, माणूस रीतीभातीचा दिसतो. रामूचा हात त्यांनी जरा जास्तच वेळ धरला, तेव्हा टायला विरोध केल्याचा रामूला पश्चात्ताप झाला. चौदावा हात सोडून साहेब पोरांकडे वळले.

"तीन महिन्यांत चौदा?" त्यांनी इंग्रजीत कापऱ्या आवाजात विचारलं.

बंडारूचा चेहरा उतरला. एक 'हो' म्हटलं असतं तर पोरांचं नाव त्यांच्या चर्चमध्ये कुठल्या कुठे गेलं असतं. पण खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नियम कपड्यांच्याही वरचा. ह्यूज एक पाऊल पुढे आला.

"नो सर," तो म्हणाला. "दे आर द सत्यनारायण कमिटी."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, कमिटीकडे पाहिलं, कुशाबांच्या गळ्यातलं इलॅस्टिक पाहिलं. आणि मग ते हसायला लागले. असे हसले की झेंड्याच्या कट्ट्याला धरून बसावं लागलं. कुशाबाही हसले, का ते न कळता. मग सगळी चाळ हसली.

डोळे पुसून साहेबांनी हे सगळं कुणी शिवलं ते विचारलं. जयवंतरावांना लोकांनी पुढे ढकललं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण साहेबांची नजर आता ह्यूजच्या पॅन्टवर होती. साहेबांनी त्याला चालायला लावलं, बसायला लावलं, पाठमोरा उभा केला. तीन मजल्यांच्या गॅलऱ्या कठड्यावर वाकल्या होत्या. मेघनाही वरून बघत होती, आणि खोटं कशाला सांगू, तिने कठडा घट्ट धरला होता. साहेब खाली बसले, त्यांनी पॅन्टची खालची शिवण उलटून पाहिली. आत तीन इंच कापड दुमडून ठेवलेलं निघालं.

"हे काय?" साहेबांनी विचारलं आणि बंडारूने ते हिंदीत सांगितलं.

जयवंतरावांनी मान खाली घातली. बाहेरून त्यांनी पॅन्ट नियमात बसवली होती, पण ते कापड कापून टाकायला कात्री धजली नव्हती. "पोरगं वाढतंय, साहेब," ते पुटपुटले. "आई जवळ नाही त्याची."

बंडारूने भाषांतर केलं. ह्यूज एकदम दुसरीकडे बघायला लागला. साहेबांनी ते कापड पुन्हा नीट आत दुमडलं.

"नियम बाहेरून दिसेल त्याचे आहेत," ते उठत म्हणाले. "घट्ट नाही, ढगळ नाही. इतकी चांगली पॅन्ट मी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. आतलं कापड हा टेलर आणि पोराच्या आईमधला प्रश्न आहे."

पास! गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. ललिताबाईंनी देवाला नारळ कबूल केला, आणि कुठल्या देवाला ते सांगितलं नाही. ह्यूजने शिलाईचे पैसे मेघनाच्या देखत जयवंतरावांच्या हातात ठेवले.

आणि नेमका त्याच वेळी फाटकात टेम्पो लागला. दोन हमाल वॉशिंग मशीनचं खोकं उतरवू लागले. टाळ्या थांबल्या. मेघना जिना उतरून खाली आली. "परत न्या," ती हमालांना म्हणाली. "घरात जागा नाही."

शब्द पाळला पोरीने, एक अक्षर कुरकुर न करता. जयवंतरावांना खरं तर छाती फुगवायची होती. पण खोक्यावर टेकवलेला तिचा हात त्यांना दिसला. साबणाने बोटांची टोकं सोलली होती. रोज ताट वाढणारा हात, आणि आपण आजवर तो कधी बघितलाच नाही, याची त्यांना लाज वाटली.

"थांबा रे!" ते हमालांवर ओरडले. "परत कुठे नेताय? कुशाबा, पोरांच्या डबल रूममध्ये जागा आहे की नाही?"

जागा भरपूर होती. पोरं खूश झाली, रोजचे पांढरे शर्ट हाताने धुऊन तीही मेटाकुटीला आली होती. फक्त साहेबांनी एक अडचण काढली. त्यांच्या नियमाप्रमाणे पोरांच्या खोलीत बायकांनी यायचं नाही. चाळ पुन्हा विचारात पडली. शेवटी असं ठरलं की मेघनाने बादली दारात ठेवायची, आणि मशीन लावणं, कपडे काढणं, दांडीवर वाळत घालणं हे सगळं दोन्ही वडीलधाऱ्यांनी बघायचं. मेघनाने हे दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि मग तीही हसत सुटली.

साहेब शिऱ्याच्या प्रसादाचे दोन द्रोण खाऊन गेले. दुपारी आवराआवर झाली. जयवंतराव आपल्या कोपऱ्यात मशीन पुसत बसले होते. तेवढ्यात मेघना घडी केलेली राखाडी पॅन्ट घेऊन समोर उभी राहिली.

"बाबा, परवा माझा प्रमोशनचा इंटरव्ह्यू आहे. ही कमरेत सैल होते आणि खाली लोळते. दादरला टाकणार होते, पण..." ती थांबली. "तुम्ही कराल?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिने त्यांच्याकडे साधं बटण लावायला दिलं नव्हतं, आणि त्यांनीही मागितलं नव्हतं.

"घालून ये," जयवंतराव म्हणाले. "आणि उभी राहताना सरळ. इंटरव्ह्यूला उभी राहशील तशी."

कमरेचं माप ललिताबाईंनी घेतलं. जयवंतराव चार टाचण्या ओठांत धरून गुडघ्यावर बसले आणि पॅन्टची कड बुटाला नेमकी टेकेल अशी दुमडू लागले. डावा पाय झाला. उजवा झाला. दोनदा झाला तरी ते पुन्हा नीट करत होते.

"बाबा," वरून मेघनाने हळूच विचारलं, "मला गिऱ्हाइकात धरणार ना?"

एरवी जयवंतरावांपाशी कुणालाही द्यायला उत्तर तयार असायचं. पण आता तोंडात टाचण्या होत्या, ते बरंच झालं. त्यांनी मान हलवली, आणि वर न बघता बराच वेळ हलवतच राहिले.